नाव बदलले, कडा तोच



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमच्या नावासमोर ‘वर्गीकरण’ हा शब्द वाचून आमच्या युनियनमधले काही सहकारी आज मुद्दाम पुढच्या रांगेत येऊन बसले आहेत. वर्ग म्हटला की वर्गलढा आलाच, असा त्यांचा हिशेब. त्यांची क्षमा मागूनच आम्ही सुरुवात करतो. आज आम्ही बोलणार आहोत ते वीतभर उंचीच्या एका वनस्पतीविषयी आणि तिला येणाऱ्या रुपयाएवढ्या फुलाविषयी. वनस्पतिशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. जे काही आहे ते सार्वजनिक वाचनालयातून उसने आणलेले आणि डोंगर चढताना डोळ्यांनी पाहिलेले आहे. तेव्हा शास्त्राचा अधिकार सांगण्याचा आमचा मुळीच विचार नाही. शास्त्र ज्या पद्धतीने नाव ठेवते आणि नाव बदलते, त्यातून आम्हाला आमच्या कामापुरते काय दिसले, एवढेच आपल्यापुढे ठेवायचे आहे.

ही वनस्पती आपल्या वसईत होत नाही. तरीसुद्धा ती आपल्याला अगदीच परकी नाही. आपल्या शेजारचे सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच साली उजेडात आला, हे आपण जाणताच. त्या काळी सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल कल्याणवरून नाणेघाट चढून जुन्नरला जात असे. त्या वाटेने आपण मनाने वर जाऊ या. घाट संपला, जुन्नर आले, समोर शिवनेरी उभा राहिला. त्या शिवनेरीच्या कड्याला, जिथे माणसाचा हात आणि शेळीचे तोंड सहसा पोहोचत नाही अशा कपारीत, आमची आजची नायिका राहते.

गावकरी तिला शिंदळ माकुडी म्हणतात. नावातला पहिला शब्द सभेत उच्चारताना संकोच वाटावा असा आहे, परंतु नाव लोकांनी ठेवलेले आहे आणि लोकांच्या नावाला नाक मुरडण्याचा अधिकार आम्हाला नाही. बोटाएवढे जाड, हिरवे, रसाळ खोड. ते खडकावर पसरते किंवा कड्यावरून खाली लोंबते. पावसाळ्यात त्याला मांसल पाने फुटतात आणि उन्हाळ्यात ती गळून नुसती खोडे उरतात. पावसाच्या अखेरीपासून फुले येऊ लागतात. पाच टोकांच्या चांदणीसारखे, गडद तांबूस-तपकिरी रंगाचे फूल; त्यावर पिवळे ठिपके, कडेला बारीक लव. वास सुगंध म्हणता येईल असा नाही. माशांना मात्र तो आवडतो, आणि परागीकरणाचे काम माश्याच करतात. फुलानंतर शिंगांसारख्या दोन-दोन शेंगा येतात, त्या फुटल्या की रेशमी झुपक्याची बी वाऱ्यावर निघते.

हिचे गणगोत आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. शनिवारी मारुतीला ज्या पानांची माळ घालतात ती रुई हिच्याच कुळातली. रुईची म्हातारी हवेत उडताना पाहून लहानपणी आपण तिच्यामागे धावलो आहोत. शिंदळ माकुडीची बी त्याच धाटणीची. डोंगराकडचे लोक दुष्काळात ज्या माकडशिंगीची खोडे खात, ती तर हिची अगदी जवळची बहीण. फरक एवढाच की माकडशिंगीला आणि तिच्या बाकीच्या रसाळ बहिणींना धड पाने नसतात. असली तरी खवल्याएवढी, नावापुरती. त्या साऱ्या गोतावळ्यात चांगली ठसठशीत पाने धरणारी ही एकच. पुढचा सगळा घोटाळा या पानांपासूनच सुरू झाला.

आता ही राहते कुठे ते पाहा. जुन्नर-शिवनेरी, पुरंदरच्या शेजारचा वज्रगड, साताऱ्याजवळचा सज्जनगड, महाबळेश्वरचे कडे, प्रवरेवरचा रंधा धबधबा. आणखी थोडी ठिकाणे अभ्यासकांनी नोंदली आहेत. पण सारी सह्याद्रीतली, सारी महाराष्ट्रातली आणि बोटांवर मोजण्यासारखी. पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे ही वनस्पती आपण होऊन उगवत नाही.

याच्या उलट उत्तर ध्रुवाकडचे उदाहरण घ्या. तिकडे जांभळ्या फुलांची एक बुटकी वनस्पती आहे, सॅक्सिफ्रागा ऑपॉझिटिफोलिया. ग्रीनलंडच्या उत्तरेला, जवळजवळ ८४ अंश अक्षांशावर, जिथे जमीनच संपते तिथल्या बेटावरही ती सापडली आहे. ती युरोपच्या उत्तरेस आहे, सैबेरियात आहे, कॅनडात आहे, म्हणजे ध्रुवाभोवती तिने कडेच घातले आहे. शिवाय खाली दक्षिणेला आल्प्स पर्वताच्या माथ्यावरही ती आहे. हिमयुग ओसरले, सपाटी तापू लागली, तेव्हा थंडीला सोकावलेली झाडे एकतर उत्तरेकडे सरकली किंवा डोंगरावर चढली; मधल्या प्रदेशातून ती गेली. अशा रीतीने एकाच जातीची वस्ती हजारो मैलांच्या अंतराने तुटक उरली.

आमच्या माकुडीला असे जग मिळाले नाही. कड्याच्या कपारीत माती चिमूटभर, पाणी चार महिने, पुढचे आठ महिने ऊन. अशा जागी कुणी हौसेने राहत असेल असे आम्हाला वाटत नाही. पायथ्याशी गुरे आहेत, शेळ्या आहेत, वणवा आहे, विळा आहे. मग उरतो तो कडा. कुंडीत चांगली माती दिली तर ही वनस्पती उत्तम वाढते, याचा अनुभव बागवानांना आहे. त्यावरून आमची अशी समजूत झाली आहे की कडा तिच्या आवडीची जागा नसावी. इतरांनी तिच्यासाठी शिल्लक ठेवलेली जागा असावी. शहराच्या कडेला, डोंगराच्या उतारावर झोपडी बांधणाऱ्या माणसाला ‘तुला इथेच राहायला आवडते का?’ असे विचारले तर तो काय सांगेल, हे आम्ही रोज ऐकतो.

असो. आता नावाची हकीकत.

निकोल डाल्झेल हे मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यातले स्कॉटिश अधिकारी. अलेक्झांडर गिब्सन यांच्यासह त्यांनी १८६१ साली मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. जुन्नरकडच्या डोंगरावर त्यांना ही वनस्पती मिळाली. माकडशिंगीच्या गोत्यातली, पण पाने असलेली, म्हणून हिला कुठल्याच जुन्या वंशात बसविता येईना. तेव्हा त्यांनी नवा वंश काढला आणि त्याला त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे नाव दिले. १८६४-६५ च्या सुमारास लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात नाव छापून आले : फ्रेरिया इंडिका. फ्रेरिया हा वंश, इंडिका ही जाती. एका वंशात एकच जाती. घराणे मोठे, माणूस एक.

डाल्झेलसाहेब त्या कड्यावर एकटे चढले नसणार. पुढे वाट दाखवायला कुणी ठाकर, कुणी महादेव कोळी, कुणी बागेतला माळी असणारच. त्याचे नाव वंशाला नाही, जातीला नाही, छापील टिपणातही नाही. वनस्पतींच्या नावांत आपली माणसे फारशी दिसत नाहीत; जी दिसतात ती म्हणून आठवणीत राहतात. सोनघंटेला १८९४ साली अब्युटिलॉन रानडेई हे नाव मिळाले, ते रानडे या आपल्याकडच्या संग्राहकावरून. असे भाग्य थोड्यांचे.

पुढे सुमारे शंभर वर्षे फ्रेरिया इंडिका हेच नाव चालले. १९५८ साली गॉर्डन रौली या इंग्रज अभ्यासकाने विचारले की नुसती पाने आहेत म्हणून वेगळा वंश कशाला? फुलाची घडण, शेंगा, खोड हे सगळे तर माकडशिंगीचेच. त्यांनी हिला माकडशिंगीच्या वंशात, म्हणजे कॅरॅल्युमात, हलविले. इथे एक गंमत झाली. एका वंशात एकाच नावाच्या दोन जाती असू नयेत असा शास्त्राचा नियम आहे, आणि कॅरॅल्युमात ‘इंडिका’ नावाची जाती आधीच होती. म्हणून नवे नाव झाले कॅरॅल्युमा फ्रेराय. म्हणजे पाहा, वंशातून गव्हर्नरसाहेब गेले ते जातीच्या नावात येऊन बसले, आणि ‘इंडिका’, म्हणजे ‘भारतातली’, हा शब्दच नावातून उडाला. कुणाचा हेतू वाईट नव्हता. नियम नियमाप्रमाणे चालला. परंतु नियम नियमाप्रमाणे चालला म्हणजे कोण टिकते आणि कोण गळते, हेही पाहून ठेवावे.

पुढे काहींनी हिला बुसेरोसिया या वंशात घातले. नंतर पेशीतील आनुवंशिक द्रव्य वाचण्याची विद्या आली, आणि पानाफुलांच्या रूपापेक्षा वंशावळीचा पुरावा भारी ठरू लागला. त्या पुराव्यावरून असे दिसले की माकडशिंगी, फ्रेरिया आणि त्यांच्या साऱ्या रसाळ बहिणी या कंदीलपुष्पाच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या वंशवृक्षातच फुटलेल्या फांद्या आहेत. कंदीलपुष्प आपल्यापैकी डोंगर भटकणाऱ्यांनी पाहिले असेल : नाजूक वेल, लांब नळीचे फूल, वर पाकळ्यांची टोके जुळून झालेला कंदील. माशी त्यात शिरते, अडकते, फूल कोमेजू लागले की सुटते. हा कंदील आणि ती चांदणी शेजारी ठेवली तर दोघी एका घरच्या आहेत असे कुणी म्हणणार नाही. पण मूळ एक. म्हणून २०१७ साली ब्रॉइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सगळा गोतावळा सेरोपेजियात घातला. सेरोपेजिया हे नाव लिनियसने १७५३ साली दिलेले, म्हणजे फ्रेरियाहून जुने, आणि शास्त्राचा कायदा असा की घरे एक झाली तर जुन्या घराचे नाव चालावे. तेव्हा आमची माकुडी झाली सेरोपेजिया फ्रेराय. साऱ्यांनाच ते मान्य झाले असे नाही. आपल्याकडचे अनेक अभ्यासक अजूनही फ्रेरिया इंडिका असेच म्हणतात.

हे फक्त आपल्याच फुलाच्या वाट्याला आले, असे समजू नका. ज्या लिनियसने ही नामपद्धती घालून दिली तो १७३२ साली, तरुण वयात, स्वीडनच्या उत्तरेकडील लॅपलंडमध्ये फिरला होता. तिकडच्या जंगलात जमिनीलगत सरपटणारी, जुळ्या गुलाबी घंटांची एक लहानशी वनस्पती त्याला फार आवडे. तिला त्याच्याच नावावरून लिनिया बोरेॲलिस म्हणतात. उत्तर ध्रुवाच्या खालच्या पट्ट्यात ती युरोपात, आशियात आणि अमेरिकेत पसरलेली आहे. तिच्याही वंशात ती एकटीच होती. २०१३ साली अबेलिया वगैरे शेजारचे वंश तिच्यात मिळविण्याची सूचना आली, कारण लिनिया हे नाव त्यांच्याहून जुने. एकटी फ्रेरिया दुसऱ्याच्या घरात गेली. एकट्या लिनियाच्या घरात दुसरे राहायला आले. कायदा एकच, तारखेचा. १७५३ चे नाव जिंकते, १८६५ चे हरते. आमच्या भाषेत याला ज्येष्ठता यादी म्हणतात!

पुढच्या रांगेतले आमचे मित्र आता म्हणत असतील, नाव काहीही असो, फूल तर तेच ना? होय, फूल तेच आणि कडाही तोच. परंतु नावावर काय काय अवलंबून असते याचा एक अनुभव सांगतो.

आमच्या ओळखीच्या एक बाई पॅकिंगच्या कामावर बावीस वर्षे होत्या. कामावर लागल्या तेव्हा माहेरच्या नावाने. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदलली. पुढे मालकाने त्यांना कंत्राटदाराच्या पटावर घातले. त्या मुकादमाने हजेरीपटावर त्यांचे घरात हाक मारायचे नाव लिहिले. यंत्र तेच, टेबल तेच, बाई त्याच. काम सुटल्यावर भविष्यनिर्वाह निधी मागायला गेल्या तेव्हा कागदोपत्री तीन बाया निघाल्या आणि तिघींपैकी एकीचीही नोकरी पुरेशी भरेना. आम्ही त्यांच्याबरोबर खेटे घातले. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न : ‘ही ती कशावरून?’ त्यांनी आपले हात पुढे केले. बावीस वर्षे खोक्याला पट्टी मारून अंगठ्याला पडलेला घट्टा दाखविला. घट्ट्याला पुरावा मानण्याची तरतूद नव्हती. अखेर पैसे मिळाले, पण पुरते नव्हेत, आणि तोवर त्यांच्या यजमानांचे आजारपण होऊन गेले होते.

त्या काळातच आम्ही या वनस्पतीविषयी वाचत होतो, आणि एक गोष्ट वाचून पुस्तक मिटून बसलो. वनस्पतिशास्त्रात नाव बदलले तरी जुने नाव पुसत नाहीत. नव्या नावाखाली सगळी जुनी नावे ओळीने लिहितात : फ्रेरिया इंडिका, कोणी ठेवले, कोणत्या साली, कोणत्या पानावर, कॅरॅल्युमा फ्रेराय, कोणी, केव्हा, मग पुढचे. यांना पर्यायनामे म्हणतात. शिवाय नाव बहुधा एका वाळवून कागदावर चिकटविलेल्या नमुन्याशी बांधलेले असते. त्याला प्रारूप म्हणतात. उद्या कुणी विचारले की ‘ही ती कशावरून?’ तर कपाट उघडून तो कागद पुढे करता येतो. मुंबईच्या झेवियर्स कॉलेजातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह किंवा १९५५ पासून पुण्यात असलेले भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय कार्यालय, ही अशा कपाटांची घरे आहेत. मुक्या वनस्पतीसाठी माणसाने एवढी व्यवस्था केली, की तिचे कितीही वेळा बारसे झाले तरी तिची ओळख हरवू नये. आणि बोलणाऱ्या, हात पुढे करणाऱ्या बाईसाठी एका कागदावर ‘हीच ती’ एवढे दोन शब्द लिहायला कुणी नव्हते.

शास्त्रातही सगळे सुरळीत आहे असे नाही. नाव यादीत असले तरच रक्षण मिळते. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या १९७८ च्या लाल पुस्तकात आमच्या माकुडीची नोंद झाली. जगातील अतिसंकटग्रस्त बारा वनस्पतींत तिची गणना झाली. तिकडे आपल्या वन्यजीव कायद्याला १९९१ साली वनस्पतींची अनुसूची जोडली गेली, तिच्यात सहाच नोंदी होत्या आणि त्यांत ही नव्हती. कायद्याची ती मांडणी २०२२ च्या दुरुस्तीने बदलली. पण तीन-तीन नावांची वनस्पती यादीत शोधणारा कारकून एकच नाव शोधणार असेल, तर काय होते ते आम्ही बाईंच्या बाबतीत पाहिले आहे. म्हणून कोणतीही यादी करताना पर्यायनामे सोबत लिहावीत, ही मागणी आम्हाला पांडित्याची वाटत नाही. ती आम्हाला हजेरीपटाइतकीच रोखठोक वाटते.

यात आशेचीही बाजू आहे. या वनस्पतीच्या खोडाचा तुकडा सहज मूळ धरतो. शिरवळच्या नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने तिची रोपे वाढवून ती पुन्हा डोंगरांवर नेण्याचे काम केले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पांच्या दुर्मिळ जाती बागेत जपल्या. मात्र सहज मूळ धरते म्हणून हौशी माणूस कड्यावरचा तुकडा तोडून खिशात घालतो, हेही खरे. परदेशातल्या काचघरांत ही कुंड्यांतून सुखाने फुलते आणि स्वतःच्या डोंगरावर मोजकी उरते. बाहेर नाव मिळाले आणि घरी जागा गेली, याला सन्मान म्हणता येत नाही.

आम्ही ती प्रत्यक्ष पाहिली ती कामगारांच्या सहलीत, शिवनेरीला. छत्रपतींच्या जन्मस्थानाचे दर्शन घेऊन उतरताना वाटेत भेटलेल्या एका गुराख्याने कड्याकडे बोट केले. आमच्यातल्या एकाकडे दुर्बीण होती. तिच्यातून पाहिले तर राखाडी खडकावर चार तांबूस चांदण्या. आम्ही मोठ्या उत्साहाने त्याला तिची सगळी लॅटिन नावे म्हणून दाखविली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, “आमी माकुडी म्हन्तो.” मग त्याने सांगितले की खालच्या टप्प्यावर पूर्वी होती, आता शेळ्यांनी ठेवली नाही; वर आहे तेवढीच आहे. कुठे होती, कुठे गेली, कशाने गेली, याची हजेरी त्याच्या डोक्यात होती. कोणत्याही यादीत ती उतरलेली नव्हती.

आपल्या तुंगारेश्वराच्या रानात पावसाळ्यात काय काय उगवते, याची अशीच हजेरी आपल्यातल्या आदिवासी बायांच्या डोक्यात आहे. इथल्या बाजारात शेवळे आणि कोरळ विकायला बसतात त्याच त्या. आमची विनंती एवढीच की या व्याख्यानमालेला येणाऱ्या तरुणांनी एक वही घालावी. बाईने सांगितलेले नाव आधी लिहावे, मग शास्त्राचे नाव, मग जुने नाव. आणि शेवटी सांगणाऱ्या बाईचे नाव, तिची परवानगी घेऊन, पुरते आणि शुद्ध. कशावरून असे पुढे कुणी विचारले तर दाखवायला ती वही हाताशी राहील.